बुडालेल्या बोटीवरचा पाटा

सौदीत थंडी पडते असं सांगितलं की आमच्या नाशिकचे लोक मला वेड्यात काढतात. माझा मेव्हणा तर दर वेळी विचारतो, "मग तिथले उंट स्वेटर घालतात का हो, भाऊजी?" आणि स्वतःच खो खो हसतो. हसू दे. जानेवारीत उत्तरेकडून शमाल सुटतो, दोन-तीन दिवस वाळू उडवत राहतो, आणि तो थांबल्यावर समुद्रात डोकं घातलं की बर्फाचा गोळा घाईघाईत खाल्ल्यावर जशी कपाळात कळ जाते तशी जाते. त्या पाण्यात मी आणि माझा एक जोडीदार दर हिवाळ्यात, पाठीवर हवेची नळकांडी बांधून, बुडालेल्या बोटी बघायला उतरायचो. बायको म्हणायची, "लोक सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जातात, आमचे हे बुडालेल्यांची विचारपूस करायला जातात." तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, की ती अगदी खरं बोलते आहे.

मी अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इन्स्पेक्शनला होतो. पाइप किती झिजला, भांड्याला कुठे गंज धरला, हे बघायचं आणि सही करायची. राहायला धाहरानच्या कॅम्पात, म्हणजे कंपनीच्या वसाहतीत, जायला-यायला कंपनीची बस. तिथेच कॅम्पातल्या एका निवृत्तीला टेकलेल्या गोऱ्याने मला डायव्हिंग शिकवलं. चाळिशीनंतर माणसाला काहीतरी खूळ लागतं. कुणी गुडघ्याला तेल चोळत योगासनं करतो, मी पाण्यात बुड्या मारायला लागलो.

माझा जोडीदार रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचा, कोकणी मुसलमान. समुद्रातली कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो मेकॅनिक होता, आणि पाण्याखाली जाऊन बोटींचं बूड घासणं, पंख्यात अडकलेले दोर कापणं हेही पोटासाठी करायचा. आमची ओळख भांडणातून झाली. त्याच्या ठेकेदाराने आमच्याकडे एक पंप दुरुस्त करून दिला होता, आणि आतला भाग बदललाय असं हा छातीठोकपणे सांगत होता. जुना भाग दाखव म्हटलं तर तो काही दाखवेना. माझं डोकं फिरलं. कागदं आपटून मी म्हटलं, "हे बघ, ते मला काही सांगू नकोस. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!"

हे माझं पेटंट वाक्य. प्लांटवरच्या सगळ्या मराठी पोरांना पाठ होतं. पण हा एकदम वळला. मग गाडीकडे गेला, फडक्यात गुंडाळलेला जुना भाग आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा घ्या. बाप मात्र दाखवता नाय येनार." मला वाटलं, टोमणा मारतोय. मीही तोंड फिरवलं.

पुढे दोघांनाही डायव्हिंगचं वेड आहे असं कळलं आणि भांडण विसरलं गेलं. डायव्हिंगचा पहिला नियम म्हणजे एकट्याने उतरायचं नाही. दोघं खाली, दोघं वर. एकाने अंगठा वर केला की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही, मुकाट वर यायचं. मला साहेबी खाक्याचे कॅम्पवाले कंटाळवाणे वाटायचे आणि त्याला कोणी कॅम्पात घेत नव्हतं. तेव्हा जमली आमची जोडी.

कुठल्या बोटीवर जायचं हे हिवाळ्याच्या तोंडावर ठरायचं. पद्धत त्याची होती. बंदरावर आपल्याकडचे तमिळ, गुजराती कोळी असतात, त्यांच्यात तो जाऊन बसायचा, आणि मासे कुठे लागतात हे न विचारता जाळं कुठे फाटतं ते विचारायचा. इथला तळ म्हणजे परातीसारखा सपाट, नुसती वाळू. त्यावर जाळं अडकून फाटत असेल तर खाली काहीतरी पडलेलं असणारच. अशा जागा कोळी एकमेकांना शिव्या देत देत सांगतात. मग आम्ही चहाच्या टपरीवर बसून त्यातल्या निवडायचो. फार खोल असेल ती बाद, कारण थंडीत माणूस हवा अशी पितो की उन्हातून आलेली म्हैस हौदावर पीत नसेल. फार दूर असेल ती बाद, कारण परत येताना ओल्या अंगाने वारा खात बसलं तर दातखीळ बसते. जुन्या जाळ्यांनी गुरफटलेली असेल तर आधी बाद, त्यात पाय अडकला की संपलं.

इथवर आमचं एकमत असायचं. पण लोखंडी जहाज निघालं की हा नाक मुरडायचा. "नको रे, लोखंड काय बघायचां?"

एकदा मी चिडलो. जवळचा, उथळ, माशांनी भरलेला असा सुंदर लोखंडी बार्ज होता, आणि हा मला कुजक्या फळ्यांच्या ढिगाऱ्यावर न्यायला बघत होता. "अरे, तुला लाकडाचं एवढं काय पडलंय? वखार काढायचीय का?" मी म्हटलं. आम्ही बोटीत होतो, तो सिलिंडरचा पट्टा आवळत होता. आवळता आवळता त्याने सांगितलं.

त्याचा बाप तांडेल होता, लाकडी व्यापारी लाँचचा कप्तान. कोकणातून कौलं, कांदे, सुकी मासळी घेऊन आखातात यायचे. हा अंगणात रांगत होता तेव्हा एका हिवाळ्यात लाँच निघाली ती परत आली नाही. शमालात सापडली असं मागाहून आलेल्या खलाशांनी सांगितलं. कुठे, ते प्रत्येकाने वेगळं सांगितलं. गावाने म्हटलं, गेला. आईने म्हटलं, कुणी बघितला? नवरा गेल्यावर बाईने इद्दत पाळायची असते, घरात बसायचं असतं, ती तिने पाळली नाही. गायब माणसाच्या नावाने नमाज पढू म्हटलं तर तिने मौलवींना उंबऱ्यावरून परत पाठवलं. हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच. आता ती थकली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं, आणि अजून दारात कुणाची सावली पडली की मान वर करायची.

"मरायच्या आदी तिला कळायला पायजे," तो म्हणाला. "हाय की नाय, येवढांच. मग ती सुटंल."

मला माझं ते पेटंट वाक्य आठवलं आणि थोबाडात मारून घ्यावीशी वाटली. त्यानंतर मी ते कुणालाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी आम्ही कुजक्या फळ्यांवर गेलो, आणि पुढच्या सगळ्या हिवाळ्यांत लाकडीच बोटी निवडल्या.

सापडायचं काय? डोंबलाचं. लाकडाला समुद्रातला किडा लागतो, वाळूबाहेर राहिलेलं सगळं फस्त करतो. उरतं ते इंजिन, नांगर, वाळूखाली गाडलेल्या चार बरगड्या. मी नखाने लाकूड खरवडून साग आहे की काय ते बघायचो, हा इंजिनवर चढलेल्या शिंपल्या तासून कंपनीचं नाव शोधायचा. दर वेळी काहीतरी चुकायचं. इंजिन नवं निघायचं, नाहीतर बोट इथलीच निघायची. वर येऊन थरथरत चहा प्यायचो आणि पुढची जागा ठरवायचो. घरी आईला यातलं काही सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. म्हातारीला उगाच आशेला लावायचं नाही. मलाही ते पटलं. दोन शहाणे पुरुष असे बसून आपापसात ठरवत होतो.

मग सौदीकरणाचे दिवस आले. म्हणजे ते आधीपासून होतंच, पण आता ते आमच्या दारात येऊन बसलं. कंपन्यांना रंग लागले. किती सौदी माणसं नोकरीला आहेत त्यावरून हिरवा, पिवळा, लाल. त्यांचा देश, त्यांची पोरं शिकून घरी बसलेली, त्यांनी आपल्या माणसांना काम द्यायचं नाही तर कुणाला? एवढं कळतं मला. पण कळलं म्हणून दुखायचं थांबतं का? आमच्याकडे एक तरणाबांड इंजिनियर आला, बाहेरदेशी शिकलेला, उंचापुरा, बोलायला अदबशीर. माझ्या शेजारी त्याचं टेबल लावलं. मी त्याला शिकवायचं, आणि तो शिकला की मी जायचं. घरी मी त्याचा उल्लेख 'माझा वारस' असा करायचो. बायको म्हणायची, "असं बोलू नका, त्या पोराचा काय दोष?" दोष नव्हता हीच तर पंचाईत. चांगला राग धरायलासुद्धा माणूस नालायक असावा लागतो. हा शिकायचाही मन लावून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

त्याच हिवाळ्यात एका गुजराती कोळ्याने जाळं फाटायची एक जागा सांगितली. उथळ होती, फार लांब नव्हती. दोन शमालांच्या मधल्या एका शांत शुक्रवारी आम्ही गेलो. चेकपोस्टवर कोस्टगार्डकडे इकामा ठेवायचा आणि परत आल्यावर घ्यायचा, अशी रीत. इकामा म्हणजे आमचा इथे राहायचा परवाना, कफीलने, म्हणजे जामीन राहणाऱ्या सौदी मालकाने, काढून दिलेला; त्याच्याशिवाय माणूस इथे कुणीच नाही. त्याने आपलं कार्ड देताना तारीख बघितली आणि "कफीलला बोलायला होवां," असं पुटपुटला. मी लक्ष दिलं नाही.

खाली पाणी गढूळ होतं. हात लांब केला तर पंजा दिसेल एवढंच. आधी इंजिन लागलं, जुन्या घडणीचं. मग बरगड्या. थंडीने माझी बोटं मेली होती, हवा भराभर संपत होती. तो इंजिनाच्या पलीकडे गेला आणि गुडघे टेकून वाळू उपसायला लागला. मी घड्याळ बघितलं, हवेचा काटा बघितला आणि अंगठा वर केला. तो बघेचना. मी त्याचा खांदा धरून हलवला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, मुखवट्यामागे डोळे केवढे तरी झालेले. पण नियम म्हणजे नियम. मुकाट वर आला.

बोटीत चढल्या चढल्या तोंडातली नळी काढून तो म्हणाला, "पाटा!"

"कसला पाटा?"

"पाटा रे! वाटपाचा! काळा पाटा, अर्धा वाळूत. मी हात लावला!" आणि हा एवढा मोठा दाढीवाला माणूस ओल्या अंगाने फळीवर बसून हुंदके द्यायला लागला. बापाने बोटीवर घरचा पाटा नेला होता, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. आई अजून म्हणायची, "मानूस गेला तो गेला, माझा पाटापन घेऊन गेला." कोकणी माणसाला वाटलेल्या खोबऱ्याशिवाय जेवण जात नाही, मग तो समुद्रात असो की जहन्नममध्ये. आणि इथल्या अरबी बोटींवर पाटा कुठला असणार? लाकूड किड्याने खाल्लं, माणसं माशांनी खाल्ली, पण दगडाला कोण खाणार? इतकी वर्षं आम्ही लाकूड आणि इंजिन शोधत होतो. पाटा आमच्या डोक्यातच आला नव्हता.

"आमचाच हाय," तो परत परत म्हणत होता. "पुढच्या शुक्रवारी नीट बघू. फोटो काढू. आयला दाखवू."

एका पाट्यावरून घर कसं ओळखणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. इन्स्पेक्शनची सवय. पण त्याचा चेहरा बघून मी चहाचा कप पुढे केला.

पुढच्या शुक्रवारी शमाल. त्याच्या पुढच्याही. तेवढ्यात त्याचा इकामा संपला, आणि नवा होईना, कारण ठेकेदाराची कंपनी लाल रंगात गेली होती. लाल म्हणजे कुणाचाच इकामा वाढणार नाही. कफील भला माणूस, रोज चहा पाजायचा आणि रोज म्हणायचा, "बुकरा, इन्शाअल्ला." उद्या, देवाची मर्जी. अशा उद्यांची माळ लागली. हवा सुधारली, समुद्र तळ्यासारखा निवांत झाला, पण चेकपोस्टवर ठेवायला याच्याकडे इकामा नव्हता. मी एकदा त्याला गाडीत घालून नेलंच. म्हटलं, विनवणी करू. तिथला पोरगेला शिपाई कार्ड उलटसुलट करून बघत होता, त्यालाही वाईट वाटलं असावं. "मुश्किल," म्हणाला आणि कार्ड परत दिलं. समोर एवढा मोठा समुद्र, कुणाच्या बापाचा नाही, आणि आम्ही दोघं फाटकाशी हात चोळत उभे.

मग तो हफ्र अल बातिनला गेला. तिथे त्याच्या गाववाल्याचं स्पेअरपार्टचं दुकान होतं, तिकडे इकामा बदलून मिळतो का बघायला. वाळवंटाच्या मध्यात, जिथे समुद्राचा वाससुद्धा येत नाही. तिथेही जमलं नाही. दुकानातही सौदी माणूसच ठेवायची सक्ती आलेली, हा कुठे बसणार? शेवटी एक्झिट लागला, म्हणजे कायमचं घरी. दमामच्या विमानतळावर मी सोडायला गेलो. भर दुपारी, ट्रॉलीवर कंबलं आणि खजुराची खोकी. त्याने माझे दोन्ही हात धरले.

"तू जा. फोटो आन. बास."

"आणतो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

पण एकट्याने उतरायचं नाही. मी कॅम्पातल्या सगळ्या डायव्हरांना विचारलं. एकाला सर्दी, एकाचा सूट पातळ, एकाने सरळ विचारलं की दगड बघायला या थंडीत कोण उतरतं. माझेही दिवस भरत आले होते. घरी खोकी बांधणं सुरू होतं. रोज तो गावाहून फोन करायचा, आणि फोटोबद्दल अवाक्षर काढायचा नाही. आईची तब्येत सांगायचा. कालपेक्षा आज कमी जेवली. मला फोन उचलायची भीती वाटायला लागली.

शेवटी मी माझ्या वारसाला विचारलं. तो बाहेरदेशी डायव्हिंग शिकलाय, एवढं त्याच्या बोलण्यात आलं होतं. नाक घासायला आता कुठलं नाक उरलं होतं? मी त्याला सगळं सांगितलं, लाँच, म्हातारी, पाटा. मग त्याने विचारलं, "ती अजून वाट बघते?" मी हो म्हटलं. "यल्ला, चला," तो म्हणाला, "माझ्या मामाची बोट आहे."

चेकपोस्टवर मी इकामा ठेवला. थोडेच दिवस उरलेलं कार्ड. खाली गेलो. त्या पोराने माझं मनगट धरून ठेवलं होतं, पाणीच तसं होतं. इंजिन लागलं. पलीकडे वाळू चाचपत गेलो आणि गुडघ्याला दगड लागला. मी दोन्ही हातांनी वाळू सारली. अख्खा पाटा वर आला, काळा, जड, चारी कोपरे धारदार. वरचा शेवाळी थर हातमोज्याने घासला तर खाली खरखरीत लागलं. टाकीच्या खुणा! पाथरवट पाट्याला टाके घालतो ना, त्या. माझ्या आईच्या पाट्यावर असायच्या तशाच. त्या थंड काळोख्या पाण्यात, कुठल्या कुठे, माझ्या हाताखाली घरचा पाटा. मी मुखवट्याच्या आत रडलो. मुखवट्यात रडलं की डोळे पुसता येत नाहीत, पाणी आतच राहतं.

कॅमेऱ्याचं बटण माझ्या बधिर बोटांना दाबता येईना. पोराने माझ्या हातून कॅमेरा घेतला, टॉर्च मला दिला आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग त्याने पाट्याकडे बोट दाखवून हाताने विचारलं, वर न्यायचा? मी मान हलवली. बुडालेल्या बोटीवरून काही उचलायचं नाही, हा आमच्या दोघांचा नियम होता. थडग्यावरून कुणी काही घरी नेतं का?

वर आल्यावर त्याने मला पेल्यात काहवा, ती अरबी कॉफी, ओतून दिला, माझे हात धरत नव्हते म्हणून पेला स्वतः धरला. माझी नोकरी घेणारा माणूस मला आईसारखा पाजत होता. मी प्यायलो.

फोटो पाठवला. त्याचा फोन आला तो नुसता रडण्याचा आवाज. मग म्हणाला की येत्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर आईला दाखवू. भाऊ येणार, मौलवी येणार. तिने पाटा आपलाच म्हणून ओळखला की मग बापाच्या नावाने नमाज पढायची. "तूपन पाह्यजेस. व्हिडिओवर तरी."

त्या शुक्रवारी मी आणि बायको बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये सतरंजी घालून बसलो, फोन एका खोक्याला टेकवून. बायकोने डोक्यावरून पदर घेतला होता. पडद्यावर खाटेवर म्हातारी दिसली. केवढीशी. हातात हिरव्या बांगड्या, मनगटांवर सैल झालेल्या. मागे भिंतीला टेकून पुरुष उभे, पांढऱ्या टोप्या. जोडीदाराने तिला आधी सगळं सांगितलं, मोठ्याने, सावकाश. मग फोटो मोठा करून तिच्या डोळ्यांजवळ धरला.

ती बघत राहिली. बोट पडद्यावरून फिरवलं.

"हा आमचा नाय," ती म्हणाली.

"आय, नीट बग."

"बगितला. आमच्या पाट्याचा कोपरा फुटलेला हाय. माझ्याच हातनां पडला. तुझा बापूस बोल्ला, फुटका पाटा घरात नको, मी बोटीवर नेतां. म्हनून तर नेलान त्याने." तिने पुन्हा बोट फिरवलं. "ह्यो तर अख्खा हाय. टाकीपन ताजी. जास्ती वाटलेला नाय ह्याच्यावर. कुनातरी नव्या नवरीचा दिसता."

बायकोने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं आम्ही लाकूड खरवडलं, इंजिनं तासली, आणि जिने त्या पाट्यावर रोज वाटण वाटलं तिला कुणी विचारलं नाही की बाई गं, कसा होता तुझा पाटा? आशेला लावायचं नाही म्हणे!

पडद्यावर जोडीदार खाटेच्या पायथ्याशी बसला होता, तोंड ओंजळीत. मौलवी जपमाळ ओढत दाराकडे बघत होते. सांत्वन करावं तर कुणाचं आणि कशाबद्दल? कुणी गेलं असं ठरलंच नव्हतं. त्यांचा पाटा तिथेच कुठेतरी दुसऱ्या वाळूत पडलेला असणार, आणि इथून निघाल्यावर मी त्या समुद्राच्या फाटकातूनसुद्धा आत जाऊ शकणार नव्हतो.

म्हातारीने मात्र फोन आपल्या हातात घेतला. तिचा चेहरा एकदम जवळ आला, अर्धाच, एक डोळा आणि कपाळ.

"तुमी उतरलांव काय त्या पान्यात?"

"हो, आई."

"लय थंड असतां म्हनतत." तिने फोन आणखी जवळ धरला. "मंग तिला कळवलांव काय?"

"कुणाला?"

"जिचा पाटा हाय तिला. ती बसली आसंल ना वाट बगत. आमच्याच कडची कोनतरी आसंल."

मी कुणाला कळवणार होतो? कुठल्या खाडीतली, कुठल्या गावातली, हिंदू की मुसलमान, जिवंत की गेलेली? माझ्याकडे दगडाचे फोटो होते आणि थोड्या दिवसांचा इकामा. बायकोने माझा गुडघा दाबला.

"कळवतो, आई," मी म्हटलं.

"बिगीन कळवा हां," ती म्हणाली. "ती पन आता म्हातारी झाली आसंल."

मी पुन्हा हो म्हटलं. आमचं सामान दाराशी बांधून ठेवलेलं होतं.